नाताळचं वजन

यर्नेयाचं वजन मला तोंडपाठ आहे.
बारा वर्षं ओस्पच्या कड्याखाली
मान वर करून दोर धरते मी.
ती सुटली की कमरेला हिसका बसतो,
त्या हिसक्यात बावन्न किलो.
नाताळात त्रेपन्न.

मार्चमध्ये बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली,
"छाती करून घेणारेय,"
कुणी मोरी करून घेणारेय म्हणावं तसं.
मी विचारलं नाही, कुणासाठी.
तिनंच सांगितलं: "आंद्राझसाठी नाही.
त्याच्या लक्षात यायला आठवडा लागेल.
एक हिरवा झगा आहे,
तो वरून रिकामा राहतो. बस्स."

लुब्लियानात डॉक्टर लाव्रिचबाईंनी
तिची कातडी चिमटीत धरून पाहिली,
कापडाचा पोत बघावा तशी.
"झाकायला काहीच नाही गं इथं."
स्नायूच्या वर ठेवलं तर कडा दिसतील,
पातळ चादरीखाली बशी दिसावी तशा.
स्नायूच्या खाली ठेवलं तर झाकलं जाईल,
पण तू हात ओढशील तेव्हा
दोन्हीकडची बगलेकडे सरकतील.
"दिवसातून किती वेळा ओढतेस?"
यर्नेयानं बोटं मोजायला घेतली
आणि सोडून दिली.

स्वतःचीच चरबी भरता येईल का, मी विचारलं.
"कुठून काढू?" डॉक्टरबाई म्हणाल्या,
आणि आम्ही तिघीही हसलो, यर्नेया जरा उशिरा.

कागदावर लिहून मिळालं:
पाया साडेअकरा सेंटिमीटर,
त्याहून रुंद घ्यायचं नाही, कुणी काही म्हणो.
सहा आठवडे लटकणं बंद. कडा तीन महिन्यांनी.
हे जन्माचं नाही, कधीतरी पुन्हा उघडावं लागेल.
या शेवटच्या ओळीखाली तिनं रेघ मारली,
मग त्याच रेघेवर आणखी एक.

घरी करून बघायचा प्रयोग होता:
नायलॉनच्या मोज्यात तांदूळ, गाठ मारून आत.
तांदूळ घालून ती दुकानात गेली, बसमागे धावली.
गुरुवारी, मी नको म्हणत असताना,
तळघरातल्या सरावाच्या भिंतीवर चढली.
दोन्हीकडे तीनशे-तीनशे ग्रॅम.
भिंत बरगड्यांना टेकते ही तिची सवय.
चौथ्या पकडीला मध्ये कुणीतरी उभं होतं.
दोन बोटांचं अंतर,
तेवढ्यानं कोपर बाहेर गेलं,
बोटं सुटली, मोजा फाटला,
गादीभर तांदूळ.

दोघी गुडघ्यांवर. वेचतोय.
"वेडी वाटते का मी तुला?"

मला वाटत होतं ते असं:
की बारा वर्षं मी तुला वर जाताना पाहिलंय,
खांद्यांची पाती, मणके, टाचा,
पण खालून फक्त पाठ दिसते.
तुझी पुढची बाजू भिंतीनं पाहिलेली.
तिला विचार.

यातलं काही बोलले नाही.
"तीनशे फार होतात," म्हणाले.
"मग?"
"एकशेनव्वद बघू."
आणि स्वयंपाकघरात काट्यावर
खडा काढावा तसे एकेक दाणे कमी करत बसलो,
रात्री अकरापर्यंत.

नोव्हेंबरात झालं. स्नायूच्या वर.
डाव्या बाजूला, वाकली की, एक सुरकुती पडते.
तिनंच दाखवली, लहान मूल पडलेला दात दाखवतं तशी.
झगा एकदा घातला. काखेत काचतो म्हणाली.
काखेत तो आधीही काचायचाच, हे तिला आता कळलं.

पुन्हा मार्च. ओस्प. दगड अजून गार.
पहिल्या दिवशी ती तिसऱ्या खिळ्याच्या वर अडकली,
छाती कुठे ठेवावी ते शोधत,
गच्च बसमध्ये छत्री कुठे ठेवावी तशी.
मग सुटली.
हिसका आला. मी एक पाऊल पुढे ओढली गेले.

लोंबकळत तिनं खाली पाहिलं,
पहिल्यांदाच पूर्ण वळून, माझ्याकडे तोंड करून.
"कळलं का तुला?"

"नाताळच्या जरा अलीकडे," मी ओरडले.
"चढ."